हाय बॅक साहेब, लो बॅक कारकून

आपल्याकडे खुर्ची पदाला मिळते. पाठ ज्याची त्याने घरून आणायची. कोणत्याही कचेरीत शिरा आणि माणसांकडे न बघता नुसत्या खुर्च्या बघत चला, अख्खी सेवाज्येष्ठता यादी वाचून होईल. साहेबांची हाय बॅक, डोक्याच्या वर वीतभर उरणारी. त्यांच्या हाताखालच्यांची मिडियम बॅक. कारकुनाची लो बॅक, म्हणजे पाठ जिथे दुखायला लागते नेमकी तिथे संपणारी. कंत्राटी डेटा एन्ट्रीवालीला प्लास्टिकची, आणि त्या खुर्चीला हात असले तर नशीब. शिवाय साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल. एसीत बसणाऱ्याच्या पाठीला घाम येतो आणि बंद पंख्याखाली बसणाऱ्याच्या पाठीला येत नाही, हा शोध जगात फक्त आपल्याच प्रशासनाला लागलेला आहे.

गंमत अशी, की साहेब खुर्चीत असतातच किती वेळ? बैठका, दौरे, व्हीसी, वरच्या साहेबांचं दालन. जो आठ तास खुर्ची सोडत नाही, कारण सोडली तर ‘जागेवर नसतात’ अशी नोंद होते, तो बिचारा लो बॅकवर. बसायचं काम सर्वात जास्त ज्याचं, त्याला बसायचं साधन सर्वात वाईट. हा नियम कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नसेल, पण पाळला जातो तो परिपत्रकांपेक्षा कसोशीने.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने चालणारी हालचाल, आणि हिशेब चुकू नये म्हणून डोक्यावर येणारा ताण. त्याला तीनशे वर्षं होऊन गेली. बोरू गेला, टाक गेला, टाइपरायटर गेला, माउस आला. कारणं तीनच राहिली, आणि तिन्ही आपण शाबूत ठेवली.

आता टेबलाकडे या. बाजारात मिळणाऱ्या ऑफिस टेबलाची उंची साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर. ती कुणाच्या मापाने ठरली असेल ते असो, आपल्या साळकाया-माळकायांच्या मापाने नक्कीच नाही. भारतीय बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. पाच फुटांची बाई तळवे जमिनीला टेकवून बसली, की तिचं कोपर साठ-बासष्ट सेंटिमीटरवर येतं. म्हणजे टेबल तिच्या कोपराच्या पाचेक इंच वर. टाइप करायचं तर खांदे उचलून करा. संध्याकाळपर्यंत मान आणि खांदा यांचा दगड होतो. बरं, खुर्ची वर घ्यावी तर पाय लोंबकळतात, मांडीखालची शीर दाबली जाते आणि पावलांना मुंग्या येतात. यावरचा उपाय म्हणजे पायाखाली एक फळकुट. त्याला फुटरेस्ट म्हणतात आणि ते काही शेकड्यांत मिळतं. पण त्याची मागणी केली, की भांडार शाखा विचारते, ‘हे अनुज्ञेय आहे का?’ मग बाई पायाखाली ए-फोर कागदाचं रीम घेतात. दुसरं रीम मॉनिटरखाली जातं, कारण पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी असं फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं असतं. महाराष्ट्रातला किती कागद छपाईत जातो आणि किती मान सांभाळण्यात, याचा कुणीतरी हिशेब मांडायला हवा.

आणि हेच आपण घरी ओटा बांधायला काढला, की गवंडी पहिला प्रश्न काय विचारतो? ‘वहिनींची उंची किती?’ तिथे कुणी तीन दरपत्रकं मागवत नाही. वहिनी उभ्या राहतात, गवंडी भिंतीवर रेघ मारतो, झालं. गवंड्याला जे कळतं ते खरेदी समितीला कळत नाही, यात गवंड्याची हुशारी किती आणि समितीचा एल-वन, म्हणजे सर्वात स्वस्त ते मंजूर हा नियम, किती, हे तुम्ही ठरवा.

हिंजवडीकडच्या आयटी मंडळींनी हसू नये. त्यांच्याकडे खुर्च्या ऐटबाज आहेत, पण समोर लॅपटॉप आहे. पडदा आणि कळफलक बिजागरीने कायमचे जोडलेले. पडदा डोळ्यांना बरा धरला तर हात हवेत, हात बरे ठेवले तर मान खाली. सुटा कळफलक आणि खाली एक स्टँड एवढ्यावर भागतं. पण कंपनी लाखाचा लॅपटॉप देते आणि हजाराचा कळफलक ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडते. त्याऐवजी जूनच्या एकवीस तारखेला ‘चेअर योगा’. आणि दर तिमाहीला एक वेबिनार, ज्यात सतत बसणं किती घातक आहे हे ऐकायला सगळ्यांना आणखी एक तास बसवून ठेवतात.

त्यांच्या श्रीमंत चुलत्यांकडे एरॉन नावाची जाळीची खुर्ची असते. अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीने ती १९९४ साली काढली. बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक तिचे कर्ते. डॉट-कॉमच्या भरभराटीत ती नव्या पैशाचं सिंहासन झाली. पण तिची कुळकथा वेगळी आहे. हे दोघं आधी म्हाताऱ्या माणसांच्या खुर्चीवर काम करत होते. तासन्‌तास एकाच जागी बसून फोमने कातडी सोलवटते, त्यावर उपाय शोधताना जाळीची कल्पना पुढे आली. म्हाताऱ्यांच्या खुर्चीला गिऱ्हाईक कुठून आणायचं हे कंपनीला उमगेना. मग तीच जाळी तरुण कोट्यधीशांच्या बुडाखाली गेली. ही खुर्ची शर्टासारखी तीन मापांत मिळते: ए, बी आणि सी. ए सगळ्यात लहान. आपल्या सरकारने ती घेतलीच, तर ए माप वर्ग एकला, बी वर्ग दोनला, सी वर्ग तीनला, असा आदेश निघेल. आणि वर्ग एकची मंडळी मावोत न मावोत, ए मध्येच बसतील.

इथवर धडधाकट माणसांचं झालं. ते निदान रीम उचलून मॉनिटरखाली ठेवू शकतात.

अपंग कर्मचाऱ्यासाठी आपण काय करतो? रॅम्प. एकास बारा उताराचा असावा असं मानक आहे. काही रॅम्प पाहिले की वाटतं, एकाच्या जागी बारा वाचलं असावं. तरी रॅम्प होतो, कारण रॅम्पचं उद्घाटन करता येतं. टेबलाखालच्या मोकळ्या जागेचं उद्घाटन कसं करणार? तिथे फीत बांधली तरी कापायला साहेबांना वाकावं लागेल. त्यामुळे व्हीलचेअर दारातून आत येते आणि टेबलापाशी अडते. उजवीकडे कुलपाचे खण, डावीकडे सीपीयू, मधे सरकता कळफलक-ट्रे आणि समोर लाज राखायला आडवी फळी. गुडघे जायचे कुठे? मग माणूस टेबलाला काटकोनात, आडवा बसतो आणि कंबर पिळून टाइप करतो. त्याला पाठदुखी झाली, की ती ‘त्याच्या मूळ आजारामुळे’.

कायदा आहे, नाही असं नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २०१७च्या एप्रिलपासून लागू आहे. चार टक्के आरक्षण त्यात आहेच. शिवाय विसावं कलम सांगतं, की प्रत्येक सरकारी आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण द्यायचं. खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. आणि हा कायदा मोडला तर? पहिल्या खेपेला दहा हजार रुपयांपर्यंत दंड. बरी खुर्ची आणि वरखाली होणारं टेबल दहा हजारांत येत नाही. म्हणजे फर्निचरपेक्षा दंड स्वस्त. एल-वनच्या नियमाने मंजूर कुठला व्हायचा ते उघड आहे. सुगम्यतेचा नियम तर इतका मऊ होता, की २०२४च्या नोव्हेंबरमध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं, की नुसत्या शिफारशी पुरे झाल्या, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा.

वर या सोयींकडे बघायची नजर उपकाराची. ३ डिसेंबरला गुलाबाचं फूल, फोटो, आणि ‘यांच्याकडून प्रेरणा घ्या’. पण ज्या यंत्रावर साहेबांच्या भाषणाची फाइल टाइप होते त्याचं मूळ पाहा. पुन्हा इटली. १८०८च्या सुमारास पेलेग्रिनो तुरी नावाच्या गृहस्थाने एक लिहायचं यंत्र केलं, कारण त्याच्या परिचयातल्या काउंटेस कॅरोलिना फँतोनीची दृष्टी गेली होती आणि तिला पत्रं लिहायची होती. यंत्र हरवलं, पत्रं उरली. त्या यंत्राला शाई पुरवायला तुरीने कार्बन पेपरही केला. ‘तीन प्रतींत सादर करावे’ या आपल्या राष्ट्रीय व्यसनाची मुळं एका दृष्टिहीन बाईच्या टपालात आहेत.

किंवा स्टिकी कीज घ्या. शिफ्टची कळ पाचदा दाबली, की विंडोजमध्ये एक चौकट उगवते आणि आपण वैतागून ‘नो’ म्हणतो. ती चौकट एका बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करणाऱ्यासाठी आहे. आधी शिफ्ट दाबा, सोडा, मग अक्षर दाबा. आपल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ख, भ, ध, ण शिफ्टशिवाय उमटतच नाहीत. ही सोय नसली तर त्या माणसाला ‘भविष्य निर्वाह निधी’ मागायचा तरी कसा? दृष्टिहीनांसाठी एनव्हीडीए हा पडदावाचक फुकट मिळतो, पण आपली जुनी टिपणी ज्या अडाणी फॉन्टमध्ये टाइप केलेली असते ती तो इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी वाचतो. युनिकोड वापरायला पैसे लागत नाहीत, हेच बहुधा त्याच्या आड येत असावं. जिथे खरेदी नाही तिथे प्रस्ताव कोण हलवणार?

समजा, यातूनही एखादी बाई अर्ज करते, की साहेब, टेबल बदलून द्या, व्हीलचेअर आत जात नाही. अर्ज भांडार शाखेकडे, तिथून लेखा शाखेकडे, तिथून ‘दिव्यांग कक्षाचे अभिप्राय घ्यावेत’, मग मार्च एंड. शेवटी शिपाईमामा कुणाला न विचारता चार विटा आणतात आणि टेबलाच्या पायांखाली सरकवतात. गुडघे आत जातात, खांदे कानाला लागतात, काम चालू होतं. वर्षभराने लेखापरीक्षक येतात आणि आक्षेप काढतात: सदर चार विटांची नोंद जड संग्रह नोंदवहीत आढळून येत नाही, खुलासा करावा. खुलासा त्याच बाई टाइप करतात. तीन प्रतींत.