नातवंडाच्या चित्रकलेस उत्तेजन: आजी-आजोबांसाठी कार्यपद्धती

नातवंडाच्या चित्रकलेला उत्तेजन देण्याचे काम घरातल्या निवृत्त माणसाकडे आपोआप येते. त्यासाठी स्वतःला चित्र काढता येण्याची अट नाही. येत असल्यास अडचणच होते.

पहिला प्रश्न कागदाचा. चित्रकलेची नवी वही आणली की मूल एक रेघ मारून पान उलटते आणि आजोबांच्या तोंडून "अरे, पान तरी भर" असे निघून जाते. म्हणून पाठकोरे कागद वापरावेत: जुन्या झेरॉक्स, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा. कालनिर्णयची पाने निरुपयोगी, कारण त्यांच्या पाठीवर लेख आणि पाककृती असतात. गठ्ठा हवाली करण्यापूर्वी एकदा चाळून घ्यावा. सरकारी पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या अर्जामागे हत्ती निघाल्यास हयात असल्याबद्दल शंका राहत नाही, पण अर्ज दुसरा भरावा लागतो.

रंगांपैकी तैलखडू भिंतीवरून सहजी निघत नाहीत आणि त्यांच्या तेलकटपणावर डिस्टेंपरही नीट धरत नाही. असा प्रसंग आल्यास मुलाच्या आईशी चर्चा करू नये. सोफा अर्धा फूट सरकवावा.

दोन वर्षांच्या आसपास नुसत्या रेघोट्या येतात. तीन-चार वर्षांच्या सुमारास माणूस अवतरतो: एक गोल आणि त्यालाच थेट फुटलेले पाय. धड नसते. ज्यांचे स्वतःचे पोट ठळक आहे अशा आजोबांना हे विशेष खटकते. तरी त्यांनी गप्प राहावे. पुढे भिंतीआडची माणसे आणि पोटातला लाडूही दिसू लागतो. मूल दिसते ते नव्हे, माहीत असते ते काढते, असे फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ च्या ग्रंथात मांडले आहे. आकारही महत्त्वाप्रमाणे ठरतो. आजी दारापेक्षा उंच, हातात खाऊचा डबा. आजोबा कोपऱ्यात, बहुतांशी चष्मा. याविरुद्ध अपील नाही.

सर्वांत मोठा धोका शिकवण्याचा. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली वळणाची नदी, झोपडी, नारळाचे झाड आणि वर मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी हा देखावा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालत आला आहे. ज्यांची हयात डोंबिवली लोकलमध्ये गेली तेही तो काढतात आणि सोलापूरचे आजोबाही नारळाचेच झाड लावतात. एकदा हा देखावा हाताला बसला की मूल पुढची काही वर्षे दुसरे काही काढत नाही. आयती चित्रे रंगवायची पुस्तकेही त्याच वाटेची. कलाशिक्षणाचे अभ्यासक लोवेनफेल्ड यांचा त्यांना ठाम विरोध होता.

"हे काय आहे?" असे विचारू नये. अंदाज तर मुळीच करू नये, "म्हैस झकास!" म्हटल्यावर ती आत्या निघते. "यात काय काय चाललंय, सांग बरं" हे वाक्य सुरक्षित. ऊठसूट "वा!" म्हणणाऱ्या आजीपुढे मूल एक दिवस कोरा कागद धरते आणि "वा!" आली की उठून जाते.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चित्र टाकायला हरकत नाही, पण त्याखाली मुलाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घालण्याची घोषणा करू नये. ती संस्था १८५७ पासून आहे, आणखी पंधरा वर्षे थांबेल. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आणि दहावीला मिळणारे वाढीव गुण हे विषयही बालवाडीत काढू नयेत.

प्रत्येक चित्रामागे तारीख आणि मुलाने सांगितलेला विषय पेन्सिलीने लिहावा, कारण विषय नंतर आठवत नाही आणि चित्रावरून कळत नाही. फ्रिजवर जागा असेल तेवढी लावून बाकीची दिवाणात ठेवावीत. दिवाणाचे झाकण बसेनासे झाले की निवड करावी. रद्दी मूल शाळेत असताना, आणि तीही लांबच्या दुकानात घालावी. जवळच्या दुकानात घातल्यास आत्या भेळेच्या पुड्यावरून घरी परत येण्याचा संभव असतो.