नजर आभाळात, कडी उघडी

गोंदियात रेलटोलीपासून सिव्हिल लाईन्सपर्यंत कुठल्याही गच्चीवर सकाळी मान वर करून उभा असलेला माणूस दिसला, तर तो पावसाचा अंदाज घेत असेल असं समजू नये. तो कबूतरबाज असतो. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला काळं फडकं, खांद्यावर दुपट्टा आणि खिशात कनकी. तांदळाच्या गिरण्यांच्या या गावात कनकीला तोटा नाही. तोटा आहे तो कबूतरबाजाच्या जिवाला स्वस्थतेचा.

पक्ष्यांच्या जाती त्याच्या लेखी दोनच: आपली कबुतरं आणि ‘बाज’. घार बाज, शिक्रा बाज, हिवाळ्यात धानाच्या बांध्यांवरून खालून खालून तरंगत जाणारा भोवत्याही बाज. बिचाऱ्या घारीचं पोट बहुतेक मेलेल्या-सडलेल्यावर आणि उंदरांवर भरतं, पण ती दिसली की हा बांबू गरगर फिरवतो, शीळ घालतो आणि खालच्या गल्लीला ओरडून सांगतो, “वर पाय ना भाऊ, आला!” गल्लीतल्या कुणालाच काही आलेलं दिसत नाही.

खरा शिक्रा आभाळात घिरट्या घालून वर्दी देत नाही. अंगाने जेमतेम कबुतराएवढा हा पक्षी शेजारच्या कडुनिंबात पानाआड बसून राहतो आणि अचानक सुसाटत येतो. सरडे, उंदीर, चिमण्या ही त्याची रोजची भाजी-भाकरी. मादी नरापेक्षा मोठी, तिला कबूतरही झेपतं. म्हणजे आपला पहारेकरी वर बघत असतो तेव्हा चोर त्याच्या कमरेच्या उंचीवर असतो. बहिरी ससाणा मात्र खरोखर वरून येतो, पण त्याची झेप तासाला 300 किलोमीटरच्या पुढे जाते. शीळ घालायला ओठ जुळेपर्यंत हिशेब संपलेला असतो.

उपायांची त्याच्याकडे कमतरता नाही. ढाबळीवर जुन्या सीडी टांगल्या की चमक पाहून बाज पळतो, असं कुणीतरी सांगितलं. त्याने घरातल्या सगळ्या सीडी दोरीला बांधल्या.

“अवो, ते आपल्या लग्नाची सीडी होय!”

“मंग? चमकते चांगली.”

शिक्रा चार दिवस बिचकला. पाचव्या दिवशी त्याच दोरीवर येऊन बसला.

बायकोने खर्चाचा विषय काढला की तो थेट मोगल दरबारात जातो. अकबर या शौकाला ‘इश्कबाजी’ म्हणायचा, त्याच्या पदरी वीस हजारांवर कबुतरं होती, हे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय. बायकोचं म्हणणं एवढंच, की अकबराकडे ढाबळ झाडायला माणसं होती. मग तो इंग्लंडकडे वळतो. दुसऱ्या महायुद्धात तिथे निरोप नेणारी कबुतरं वाचवायची म्हणून 1940मध्ये सरकारनेच बहिरी ससाणे मारायचा हुकूम काढला होता. हे तो अशा आवाजात सांगतो, जणू तसा हुकूम कलेक्टर कचेरीतून उद्या निघणार आहे. आपल्या जिल्ह्यात सारसांची दरवर्षी गणना होते आणि कबुतरांना कुणी विचारत नाही, हे त्याचं जुनं दुखणं.

गंमत त्याच्या हिशेबात आहे. कबूतर कमी झालं की बाजाच्या नावावर. अंडी गेली, बाजाने नेली. वास्तविक अंड्या-पिल्लांवर धामण येते, मांजर येते, मुंगूस येतं, आणि ढाबळीची कडी तर आठवड्यातून दोनदा उघडीच राहते. गिरेबाज कबुतरं दुसऱ्याच्या थव्यात मिसळून त्याच्या गच्चीवरच्या छतरीवर उतरतात, हा तर या खेळाचाच भाग. परकं कबूतर स्वतःच्या गच्चीवर उतरलं, की मात्र तो बाजाचं नाव घेत नाही. “पाहुणा आला,” म्हणतो आणि मूठभर कनकी टाकतो.

राखाडी थव्यात एकच पांढराशुभ्र नर सोडण्याची त्याला भारी हौस. थव्यात वेगळा दिसणारा शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, हे त्याला पटत नाही. पटलं तरी शोभेचं काय?

त्याला जे करता येण्यासारखं आहे ते स्वस्त आहे: ढाबळीला चहूबाजूंनी नि वरूनही बारीक जाळी, कबुतरं सोडण्याची वेळ रोज बदलती आणि दिवस मावळायच्या आत कडी. फास आणि गलोलीचा विचारही नको. शिक्रा, ससाणा, घार हे सारे वन्यजीव संरक्षण कायदा 1972खाली संरक्षित आहेत, आणि त्यात शिक्षा तुरुंगाची आहे.