पन्नास रुपयांच्या सुरीची शास्त्रोक्त सेवा

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा गृहस्थ त्याचे दात बघतो, चाल बघतो, खूर उचलून बघतो. घरच्या सुरीला मात्र अशी तपासणी नशिबात नसते. ती बोथट झाली की एक तर नवी येते, नाहीतर तिच्याहून दसपट महागाचे धार लावायचे यंत्र येते. दोन्ही गोष्टी नंदुरबार जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत तातडीने थांबवाव्यात, अशी या मार्गदर्शिकेची शिफारस आहे. स्वस्त सुरीचे स्टेनलेस पोलाद मऊ असते, म्हणून ती लवकर बोथट होते. पण मऊ असल्यामुळेच ते भराभर झिजते आणि पुन्हा धारेवरही लवकर येते. साधन म्हणून कान तुटलेला चिनीमातीचा कप पुरतो. पाहुण्यांसमोर तो तसाही जात नाही. ओल्या फडक्यावर तो उपडा ठेवावा. बुडाची बिनचकाकीची खरखरीत कड पोलादाहून कठीण असते. पाते काटकोनाच्या पावपट, म्हणजे वीस-बावीस अंशांत, कलते धरावे आणि शेवटपर्यंत तसेच राखावे. कोनाचा अंदाज येत नसेल तर धारेला मार्करची शाई फासावी. घासल्यावर अगदी कडेची शाई तशीच राहिली तर पाते फार निजले आहे असे समजावे. पलीकडच्या अंगाला बारीक खरखर लागली की बाजू बदलावी (बोट धारेवरून ओढू नये, आडवे फिरवावे). शेवटी हात हलका करत आलटूनपालटून दोन्ही बाजू घासाव्यात.

यावर कोणी म्हणेल, दारात सायकलवाला धारवाला येतो, मग हा उपद्व्याप कशाला? विळ्या-कोयत्यासाठी त्याला जरूर बोलवावे, ते त्याचेच काम. पण कोरड्या चाकावर सुरीची पातळ कड तापते, आणि ती निळसर पडली की तिथले पाणी उतरलेच. बघणाऱ्यांना मात्र ठिणग्या हाच धारेचा पुरावा वाटतो. पात्याला खाच पडली असेल तर कप हरतो, हे मान्य. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड आणावा. एडवर्ड अ‍ॅचेसन हा अमेरिकन १८९१ साली कृत्रिम हिरे करू पाहत होता आणि हाती आले कार्बोरंडम. स्वयंपाकघराचा त्यात फायदाच झाला.

धार लावलेली सुरी बोट कापते, हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी घसरते. बोटे जातात ती तिथे. परीक्षा कागदावर घेऊ नये, ओल्या हिरव्या मिरचीवर घ्यावी, जिल्ह्यात तिला तोटा नाही. तिची साल गुळगुळीत असते. बोथट पाते ती चेपते, बिया डोळ्यांकडे उडवते. कपावरची किंचित दातेरी धार सालीत लगेच शिरते.

राहता राहिला धार टिकत नसल्याचा आक्षेप. तो खरा आहे, पण निम्मा दोष स्टीलच्या ताटाचा. ताटात मिरची चिरली की प्रत्येक घावाला धार पोलादावर आपटते. लाकडी पाटावर तसे होत नाही. घरची मंडळी ताट सोडायला तयार नसतील, तर कप ओट्यावरच ठेवावा.