बादली मिळेल का?

हिवरे बाजारच्या माणसाला पाहुणे घेण्याची इतकी सवय झालेली असते, की स्वतः पाहुणा कसं व्हायचं हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. पाणी अडवून सावरलेलं गाव बघायला बारा महिने आमच्याकडे गाड्या येतात. कुठल्याशा जिल्ह्यातले सरपंच, कृषी महाविद्यालयाची पोरं, प्रशिक्षणाला धाडलेले अधिकारी, मधूनच एखादा परदेशी पाहुणा. सगळे टेकडीवर जाऊन समतल चर बघतात, विहिरीत डोकावतात आणि मान डोलावतात. मग गावात येऊन गटारांचे आणि संडासांचे फोटो काढतात. आमच्या घरचा संडास किती राज्यांत पोचलाय याचा हिशेब आम्ही कधीच सोडून दिला.

अशा गावातली तीन माणसं, म्हणजे मी, आमची ही आणि माझे वडील आबा, पणजीतल्या एका उंची हेरिटेज हॉटेलात जाऊन पडली, त्याला जबाबदार आमची लेक. ती पुण्यात नोकरीला आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनं खोल्या बुक केल्या, पैसे भरून टाकले आणि मग कळवलं. भाडं किती, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते हिनं काउंटरवरच्या कागदावर उलट्या बाजूनं वाचलं आणि त्यानंतर बराच वेळ ती कुणाशी बोलली नाही.

नगरला गोवा एक्स्प्रेस धरली, उजाडता उजाडता मडगाव, तिथून कदंबच्या बसनं पणजी. सकाळी सातला हॉटेलच्या दारात उभे राहिलो, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, चेक-इन दोन वाजता." आबा म्हणाले, "मग आमच्या घरी या दुपारी, तुम्हाला पण रात्री आत घेऊ." हे त्याला कळलं नाही, ते बरं झालं.

ही वस्ती फोंतेन्हासची. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, मळा नावाच्या भागाला लागून. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून पैसा कमावून परतलेल्या एका गोवेकराची इथे नारळाची बाग होती. लोक त्याला मोसमीकार म्हणत. पुढे जुन्या गोव्याचं वैभव ओसरलं, राजधानी पणजीला आली आणि बागेच्या जागी घरं उभी राहिली. निळी, पिवळी, तांबडी, मंगलोरी कौलांची, एकमेकांना खांदा लावून. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचा दंडकच होता आणि पांढरा रंग देवळांना, म्हणजे चर्चना, राखून ठेवलेला. आता हा संरक्षित भाग आहे, घराचं दर्शनी रूप बदलायचं तर परवानगी लागते. आबांना हे फार पटलं. ते उसबंदी, केळीबंदी आणि कुऱ्हाडबंदीत मुरलेले. आमच्याकडे बोअर घ्यायची तीही पिण्याच्या पाण्यापुरतीच. "बंदी असल्याशिवाय काही टिकत नाही," असं म्हणून त्यांनी एका निळ्या भिंतीवर पसंतीची थाप मारली. हाताला निळा रंग लागला. पावसाळा नुकताच संपला होता.

यातल्या काही घरांची हॉटेलं झाली आहेत. एकतीस जानेवारी रस्त्यावरचं पणजिम इन हे त्यातलं जुनं नाव. त्याच मंडळींचं पणजिम पीपल्स ही एकेकाळची शाळा, पीपल्स हायस्कूल. ज्या वर्गातून पळून जायला पोरं टपलेली असायची, तिथे झोपायला आता लोक आगाऊ पैसे भरतात. आमचं हॉटेल वेगळं. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे बादलीचा विषय निघणार आहे.

तीन जुनी घरं आतून जोडून ते केलेलं. तिन्ही घरांच्या जोत्यांची उंची निरनिराळी, त्यामुळे आमच्या खोलीत जायला तीन पायऱ्या वर, दोन खाली, मग एक आडवी खोली, पुन्हा चार वर. "या तिघा भावांची वाटणी नीट झालेली दिसत नाही," आबा म्हणाले. खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती. आबांना १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या नावाची खोली मिळाली. आत चार खांबांचा पलंग, आबांच्या छातीला लागेल एवढा उंच. चढायला खाली लाकडी पायरी. आबांनी पलंगाला एक प्रदक्षिणा घातली, गादी खाली ओढली आणि लाल गुळगुळीत जमिनीवर अंथरली. अल्बुकर्कचा पलंग रात्रभर मोकळा राहिला.

खिडक्या मात्र बघत राहाव्यात अशा. काचेऐवजी शिंपल्याची तावदानं. चपट्या, पातळ शिंपल्या घासून चौकोनी कापायच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकीखाली एक सरकवायच्या. ऊन त्यांतून दुधाळ होऊन येतं, डोळ्यांवर येत नाही, आणि बाहेरून कुणाला आतलं दिसत नाही. हिनं एका तावदानावर नख वाजवून बघितलं. पोरगा घाईनं म्हणाला, "मॅडम, जपून. आता असा माल मिळत नाही."

आणि मग न्हाणीघर. न्हाणीघर आमच्या ओसरीएवढं, मधोमध पितळी पायांचा पांढरा टब. बाजूला इंग्रजीत एक देखणं कार्ड उभं केलेलं: पाणी अनमोल आहे, कृपया टॉवेल पुन्हा वापरा. हिनं कार्ड वाचलं, टब बघितला, पुन्हा कार्ड वाचलं. ही साधीसुधी बाई नाही. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला जातो, तेव्हा पहिल्या रांगेत बसून बेरीज तपासणाऱ्यांतली. तिनं विती टाकून टबाची लांबी-रुंदी-खोली काढली.

"काठोकाठ साडेतीनशे लिटर. अर्धा भरला तरी पावणेदोनशे."

"मग?"

"मग काय? जलजीवनवाले माणशी रोजचे ५५ लिटर धरतात. आपल्या तिघांचा अख्खा दिवस यात बसून राहील, अहो. नुसता बसून!"

मी म्हणालो, इथे पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्यासारखा ४०० नाही. इथल्या लोकांना परवडतं. ती म्हणाली, "पडतो हे कळलं. मुरतो का ते विचारा." ते मी कुणाला विचारणार? शेवटी आम्ही टबात बॅगा ठेवल्या. जागेचा चांगला उपयोग झाला.

दुसरं संकट खोलीतल्या छोट्या फ्रिजचं. त्यात काजूच्या फेणीपासून पुढे सगळं मांडून ठेवलेलं. हिनं पोराला बोलावून घेतलं. "हे सगळं घेऊन जा. आमच्या गावात नशाबंदी आहे."

"पण मॅडम, गाव तिकडे राहिलं."

"ठराव माणसाला लागू असतो, हद्दीला नसतो."

बाटल्या गेल्या. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, निदान माहितीसाठी तरी एखादी राहू द्यावी, असं माझ्या मनात आलं होतं. मनातच ठेवलं.

आबांचं मागणं फार साधं होतं: बादली आणि तांब्या. त्यांचा फवाऱ्यावर विश्वास नाही. "पाणी किती घेतलं ते दिसलं पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. १९७२चा दुष्काळ अंगावर काढलेला माणूस. मी फोन उचलून बादली मागितली. दहा मिनिटांत एक गृहस्थ चकचकीत स्टीलची, झाकणाची, चिमट्यासकट, फूलपात्राहून जेमतेम मोठी बादली घेऊन आले. आत बर्फ होता. आबांनी ती दोन्ही हातांत धरून नीट निरखली. मग त्यांनी बर्फ खिडकीतल्या कुंडीत ओतला आणि रात्री त्या बादलीत आपली कवळी ठेवली. आंघोळीचा प्रश्न उद्यावर गेला.

रात्र बरी गेली, असं म्हणवत नाही. जुनी घरं पायाखाली बोलतात. वरच्या मजल्यावर कुणी कूस बदलली तरी तक्तपोशीतून आम्हाला कळत होतं आणि आम्ही तिच्याविषयी काय म्हणालो ते बहुधा त्यांना. उंची हॉटेलांत हल्ली आवाज येऊ नये म्हणून पैसे घेतात. इथे येतो म्हणून घेतात. त्याला अनुभव म्हणतात. पहाटे पोदेरच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला आणि गरम पोईचा वास गल्लीतून वर आला, तेव्हा पहिल्यांदा भाड्यातले काही पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. नाश्त्याला ताटात काटे-चमचे, कापडी रुमाल आणि मधोमध पोई एकटीच. बरोबर तिखट काही नाही. हिनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच जोडप्यानंही नंतर मागून घेतली.

नाश्ता करून बाहेर पडलो तर गल्लीत शूटिंग सुरू. लग्नाआधीचे फोटो. नवरी पिवळ्या घराच्या पायरीवर रेलून बसलेली, नवरा तिच्याकडे बघत, दोघं छत्र्या धरून, दिवस कोरडा. फोटोग्राफर मागे मागे सरकत गटाराच्या काठापर्यंत आलेला. दारावर ठळक अक्षरांत फोटो काढू नयेत अशी पाटी, आणि तीही त्यांनी चौकटीत घेतलेली. एवढ्यात दार उघडून घरच्या बाई बाहेर आल्या. साठी उलटलेल्या, फुलाफुलांचा झगा, हातात रिकामी दुधाची पिशवी. आपल्याच घरातून बाहेर पडायला त्यांना नवरीची परवानगी घ्यावी लागली.

बाकीच्या गर्दीनं खिदळून घेतलं. ही मात्र सरळ पुढे गेली. "रोज असंच का हो?"

"कितें सांगूं बाय तुका!" त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग कोकणीत बरंच सांगितलं. सकाळी उठून खिडकी उघडली की समोर कॅमेरा. दुपारी झोपलं की बेल. कुणी तर आत येऊन विचारतं, हे म्युझियम आहे ना, तिकीट कुठे?

"आमच्याकडे तर संडासाचे फोटो काढतात," ही म्हणाली.

बाईंना आधी वाटलं आपल्याला ऐकू चुकलं. मग सगळी हकिगत ऐकली: उजाड माळ, दारूचे गुत्ते, १९८९ साली सरपंच झालेले पोपटराव पवार, श्रमदान, पुढे त्यांना २०२०ची पद्मश्री, आणि त्यामागून येणाऱ्या बसगाड्या. बाई पोट धरून हसल्या. बघण्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसांची एक जात असते, आणि तिच्यात ओळख पटायला वेळ लागत नाही. आम्हाला आत बोलावलं. आत तसाच चार खांबांचा पलंग, त्यावर इस्त्रीचे कपडे. तशाच शिंपल्याच्या खिडक्या, एका खाचेत तुटक्या शिंपलीच्या जागी कॅलेंडरचा पुठ्ठा. जे हॉटेलात दोरी लावून जपलेलं, ते इथे वापरात होतं. त्यांनी दोदोल नावाचा गोड पदार्थ पुढे केला, तो आबांच्या दातांना चिकटला, म्हणून आबा बराच वेळ गप्प होते. तोंड मोकळं झाल्यावर पहिलं वाक्य, "बाई, तुमच्याकडं बादली मिळेल का?"

निळी प्लास्टिकची, कडी तारेनं बांधलेली, वीस लिटरची बादली आणि एक लाल मग. ती घेऊन आबा पंचतारांकित दिवाणखान्यातून, झुंबराखालून, ताठ मानेनं अल्बुकर्कच्या खोलीत गेले. काउंटरवरचा पोरगा उभा राहिला. मला वाटतं, आदरानं. निघताना आम्ही बादली घासून परत केली.

हिशेब चुकता करताना आमच्यापुढे अभिप्रायाचा कागद आला. त्यात 'सूचना' म्हणून रकाना होता आणि हिच्या हातात पेन. तिनं लिहिलं: "१) प्रत्येक खोलीत एक बादली व एक तांब्या ठेवण्यात यावा. २) टबात माती भरून लिंबू किंवा कढीपत्ता लावण्यात यावा. ३) नाश्त्याला चटणी असावी. अनुमोदक: आबा." खाली आबांची सही. मॅनेजरनं कागद वाचला, दोनदा घडी घातली आणि खिशात ठेवला.

जाताना दूधसागर झोपेतच निघून गेला होता. परतीच्या गाडीत तो दिवसाउजेडी आला. डब्यातली सगळी माणसं एका बाजूला, हातात मोबाइल. आबा खिडकीला कपाळ टेकून बघत होते. "एवढं पाणी!" कुणीतरी म्हणालं. आबांनी विचारलं, "वरच्या अंगाला चर खणलेत का?" ते पाणी पुढे खांडेपार नदीत जातं, ओपाला शुद्ध होतं आणि पणजीच्या नळांना येतं, असं मी सांगितलं. "म्हणजे त्या टबात हेच," आबा म्हणाले आणि आपल्या जागेवर येऊन बसले.

फोंतेन्हासला जरूर जा, गर्दीचे दिवस टाळून जा आणि पायरी दिसली म्हणून बसू नका. हॉटेलातच उतरायचं असेल तर भाड्यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका, ते कमी करत नाहीत. बादली आहे का, एवढं फोनवरच विचारून घ्या. आणि "आहे" म्हणाले तर किती लिटरची, हेही.