सव्वा माणूस

माझं वजन ८५ किलो आहे असं आमचे डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचा हातगुण चांगला असला तरी हे विधान शास्त्राला धरून नाही. किलो हे वस्तुमानाचं एकक. वजन म्हणजे पृथ्वी मला ज्या बलाने स्वतःकडे ओढते ते बल, आणि ते मोजायचं न्यूटनमध्ये. ८५ गुणिले ९.८, म्हणजे ८३३ न्यूटन. रक्तदाब मोजून घेता घेता मी त्यांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग शंभर न्यूटन उतरवा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ही विद्वत्ता ताजी आहे. भाची यंदा दहावीला, आणि विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. "तू सायन्सचा ना?" असं म्हणून ताईने तिला माझ्यापुढे आणून बसवलं. मी सायन्सचा होतो हे खरं, सायन्सने त्यानंतर माझी कधी चौकशी केली नाही हेही खरं. पण धडा वाचायला घेतला आणि वाटलं, हा तर माझी बाजू मांडायला लिहिलाय! जन्मभर ज्याचा ठपका मी सोसला ते वजन माझं नाहीच मुळी. मी आपला गप पडून असतो, ओढते ती पृथ्वी. शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे मीसुद्धा पृथ्वीला तेवढ्याच, रोख ८३३ न्यूटन बलाने माझ्याकडे ओढतो. मी खुर्चीवरून उडी मारली की पृथ्वी मला घ्यायला वर येते.

"किती वर येते?" भाचीने कॅल्क्युलेटर काढला. पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे सहावर चोवीस शून्यं एवढे किलो. भागाकारात दशांशचिन्हापुढे इतकी शून्यं आली की अणूसुद्धा त्यापुढे डोंगर वाटावा.

"पण येते ना?" मी म्हणालो. एवढं पुरे होतं.

पुढचा आनंद असा की वजन जागेगणिक बदलतं. चंद्रावर ताणकाट्याला लटकलो तर मी चौदा किलोच्या आसपास भरेन. एवढं लांब जायची गरज नाही. गुरुत्वत्वरण ध्रुवावर ९.८३ आणि विषुववृत्तावर ९.७८. कारण पृथ्वी स्वतःभोवती गिरक्या घेते आणि मध्यभागी सुटलेली आहे, तिची विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त. कंबर सुटल्यामुळे वजन कमी भरतं असं उदाहरण हे एकच असावं, आणि ते नेमकं आपल्या वाट्याला येऊ नये! ध्रुवापेक्षा विषुववृत्तावर मी साडेचारशे ग्रॅमने हलका असेन, हे गणित मी वहीत मोठ्या अक्षरांत मांडलं.

"मामा, आपण ध्रुवापेक्षा विषुववृत्तालाच जवळ आहोत," भाची म्हणाली, "म्हणजे तू आधीच सवलतीत आहेस."

मग महाबळेश्वर. उंचावर ओढ कमी होते. पण महाबळेश्वरची उंची पृथ्वीच्या मानाने किरकोळ, तिथे वीस-तीस ग्रॅम सुटतात आणि ते दोन स्ट्रॉबेऱ्यांत भरून निघतात. शिवाय ही सगळी मौज ताणकाट्यावरच. दोन पारड्यांच्या तराजूत बसलो तर पलीकडच्या पारड्यातलं मापही तेवढंच हलकं होतं, आणि ८५ किलो चंद्रावरही ८५ किलोच राहतात. हे वस्तुमान फार चिवट असतं.

इथे आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एका काकांनी उडी घेतली. हे सगळं न्यूटनने आपल्याकडून उचललं, म्हणे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीच्या आकृष्टिशक्तीबद्दल लिहिलं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ओढ आहे हे म्हणणं वेगळं आणि ती किती, अंतर दुप्पट झालं की एक चतुर्थांश कशी होते, त्याच हिशेबात चंद्र कसा बसतो, हे गणित करून दाखवणं वेगळं. ते १६८७ मध्ये छापून आलं. काकांना इतकं लिहिलं, तर त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. त्यावर तिसरा नियम चालत नाही.

वजनाचा विषय निघाला की मला स्टेशनावरचं यंत्र आठवतं, आणि ते आठवलं की दहावीचा पोर्शन जरा बाजूला राहतो. आता तुम्हीही थांबा. फलाटाच्या कोपऱ्यात गणपतीच्या मखरासारखं लुकलुकत ते उभं असायचं. पायाखालची लोखंडी पाटी किंचित दबायची आणि काचेआडचं रंगीत चक्र गरगरायला लागायचं. चक्र थांबेपर्यंत नाणं टाकायचं नाही हा दंडक. तोवर माणसं श्वास रोखून ताठ उभी राहायची. (श्वास रोखल्याने वजन घटत नाही. घटत असतं तर आज मी छताला लागलो असतो.) मग नाणं आत कुठेतरी खडखडत जायचं, खट् व्हायचं, आणि खालच्या खोबणीत जाड पुठ्ठ्याचं तिकीट येऊन पडायचं. एका अंगाला वजन आणि दुसऱ्या अंगाला भविष्य! काहींवर सिनेनट असायचे. आम्ही भावंडं आधी नट पाहायचो, मग भविष्य. वजनाकडे कुणी ढुंकून बघत नसे.

त्या यंत्राची रीत मला अजून आवडते. त्याने कधी कुणाला जेवण कमी करा, चालायला जा, असं सांगितलं नाही. वजन कितीही भरो, तुम्ही उदार मनाचे आहात, मित्रांपासून सावध राहा, लवकरच धनलाभ, असाच मजकूर. माणसाचा आकडा त्याच्या हातात देताना पाठीमागे दोन बऱ्या गोष्टी लिहाव्यात, एवढी सभ्यता त्या लोखंडात होती. हल्लीचा काचेचा काटा मोबाइलला कळवतो, आणि मोबाइल बायकोला.

मिरजेला गाडी बदलायची असली की बाबा त्या यंत्रावर आधी बॅग घेऊन चढायचे, मग बॅग खाली ठेवून. दोन नाणी, दोन तिकिटं, वजाबाकी केली की बॅगेचं वजन. हा हमालाशी घासाघीस करायचा पुरावा. हमाल तिकीट न बघताच आपला दर सांगायचा आणि बाबा तो द्यायचे. पण आईचं म्हणणं वेगळंच होतं. दोन तिकिटांवर दोन वेगळी भविष्यं येतात, त्यातलं खरं कुठलं? बॅग घेतलेल्या माणसाचं की रिकाम्या हातांच्या?

असो. पोर्शन.

पाण्यात मात्र माझा मान आहे. चरबीची घनता पाण्याहून कमी, साधारण ०.९, आणि स्नायूंची जास्त, १.०६. भाचीचा थोरला भाऊ जिमला जातो, आरशापुढून हलत नाही. आम्ही पालिकेच्या तलावावर गेलो. त्याला म्हटलं, हातपाय न हलवता उताणा पड आणि श्वास सोड. पोटावरच्या सहाही वड्यांसह तो संथपणे तळाला गेला. मी शेजारी पायांचे अंगठे बाहेर काढून आकाश बघत होतो. इतक्या वर्षांची गुंतवणूक अशी पाण्यावर आलेली पाहून मला भरून आलं.

आजोळी विहिरीत पोरं पोहायला शिकायची तेव्हा पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधायची. भोपळा आकाराने मोठा, वजनाने नगण्य. तो जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल त्याला वर ढकलतं, पोरगं त्याला लटकलेलं. आठवीच्या पुस्तकातलं प्लावक बल त्यांच्या पाठीला काथ्याने बांधलेलं असायचं. आणि त्यातलाच एक पोरगा, जो काठावरच्या चिंचेवरून सूर मारायचा, आर्किमिडीजचं तत्त्व लिहिताना 'विस्थापित' हा शब्द विसरला म्हणून शून्य घेऊन यायचा. माझ्या शाळेत ताणकाटा होता. काचेच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली रजेवर होती. दगड पाण्यात बुडवल्यावर वजन किती घटलं याची वाचनं आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांच्या जर्नलमधून उतरवायचो, त्यांनी ती त्यांच्या वरच्यांकडून घेतलेली. तो दगड पिढ्यान्‌पिढ्या तेवढाच घटत आला. याचं हसू येतं म्हणून सांगतो, पण रागही येतो. बादली, पाणी, दगड. यातलं काय महाग होतं? ज्या देशात निम्मा शिमगा पाण्याने खेळतात, तिथे पाण्याचा धडा कोरड्या फळ्यावर निळ्या खडूने शिकवायचा!

भाचीलाही व्याख्या तोंडपाठ होती. मी बादली भरली आणि झाकण घट्ट लावलेला स्टीलचा रिकामा डबा तिच्या हातात दिला. म्हटलं, दाब. तिने तळव्याने दाबला, डबा तिरका होऊन सटकला. पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत भिजून. "मामा, हा उलट भांडतोय!" जरा वेळाने तिचं तिनेच शोधून काढलं की डबा जसजसा बुडत जातो तसतसा जोर वाढतो, पण एकदा पुरता बुडाला की कितीही खाली न्या, जोर तेवढाच राहतो. का? मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "कारण आता आणखी पाणी सरकत नाहीये." न्हाणीघरभर पाणी झालं होतं. त्यानंतर मी तिला काही शिकवलेलं नाही.

कारण ती आर्किमिडीजवर घसरली. मुकुट काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं आणि चोरी पकडली, ही गोष्ट रोमन स्थपती विट्रुव्हियसने लिहिली, आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. भाचीने वहीत मांडून पाहिलं. मुकुट एक किलोचा धरला, त्यात तीस टक्के चांदी मिसळली, तर घनफळात फरक पडतो तेरा घनसेंटिमीटरचा. वीतभर तोंडाच्या भांड्यात पातळी अर्धा मिलिमीटरही चढणार नाही. "एवढ्यावर सोनाराला पकडला?" गॅलिलिओलाही हीच शंका होती. १५८६ मध्ये, विशीतच, त्याने त्यावर टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की आर्किमिडीजने मुकुट तराजूला टांगून पाण्यात तोलला असणार. मी भाचीला म्हटलं, तू गॅलिलिओच्या पंक्तीला बसलीस. तिने लगेच पान उलटलं.

"मामा, पुस्तकात 'द्रायू' म्हटलंय. म्हणजे हवा पण."

"मग?"

"तू पंच्याऐंशी लिटर हवा बाजूला सारून उभा असतोस. लिटरला सव्वा ग्रॅम धर. म्हणजे हवा तुला शंभरेक ग्रॅम उचलून धरते. काटा तेवढं कमी दाखवतो. तुझं खरं वजन जास्त आहे."

विज्ञान शिकवण्यातला हा धोका बी.एड.ला सांगत असतील की नाही कोण जाणे.

काट्यापुढे मी करतो ते सगळेच करतात. घड्याळ काढतो, पट्टा काढतो, पाकीट, किल्ल्या, आणि कुणी पाहत नसेल तर चष्मासुद्धा. गेल्या महिन्यात आईला तपासायला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ती चपला घालून, शाल लपेटून आणि खांद्याला पर्स तशीच ठेवून काट्यावर चढली. म्हटलं, "आई, पर्स दे इकडे." तिने ती आणखी घट्ट धरली. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, सुट्या नाण्यांचा बटवा होता, आणि घरी उघडून पाहिलं तेव्हा खलबत्त्यातला, छोटा म्हणून ठेवलेला, मसाल्याचा बत्ता. काटा ४१ वर थांबला. आदल्या खेपेलाही ४१ होता. तिने माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत पास झाल्यासारखं. डॉक्टरांनी चेहऱ्यावर काही न दाखवता कागदावर ३८ लिहिले आणि माझ्या बाजूला सरकवले. बाबांची वजाबाकी त्यांनाही येत होती.

माझं उतरत नाही आणि तिचं थांबत नाही. वस्तुमान अक्षय्य असतं म्हणतात. असेल. घरात एकूण तेवढंच राहतं आणि आईचं ते माझ्याकडे येतं, असं मी डॉक्टरांना म्हणालो. ते हसले नाहीत. प्रथिनं वाढवा म्हणाले, तिची. माझी चपाती बंद केली.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे: ६ व्यक्ती, ४०८ किलो. रोज वाचतो, पण भागाकार केला तो भाचीने. माणशी ६८. म्हणजे लिफ्टच्या लेखी पुरता माणूस अडुसष्ट किलोचा. ८५ भागिले ६८. "मामा, तू सव्वा माणूस आहेस."

मला ते आवडलं. चारचौघांत सव्वा ठरणं हे आमच्या घराण्यात प्रथमच घडत होतं. पण त्याच संध्याकाळी तळमजल्यावर पाच जण, त्यांच्या भाजीच्या पिशव्या आणि एक सायकल अशा लिफ्टमध्ये भाचीमागोमाग मी पाऊल ठेवलं आणि घंटा वाजायला लागली. अशा वेळी सगळे छताकडे बघतात. सायकल कुणीही उतरवत नाही. भौतिकशास्त्राला कोण उतरतं याने फरक पडत नाही, सोसायटीला पडतो. सव्वा माणूस उतरला, दार लागलं, आणि मी जिन्याकडे वळलो.

पाचव्या मजल्यावर धापा टाकत पोचलो तर भाचीने वही उघडूनच ठेवली होती. पंधरा मीटर उंची, ८३३ न्यूटन, म्हणजे साडेबारा हजार ज्यूल. ऐकायला भारदस्त. कॅलरीत तीन. शरीर काही फार काटकसरी यंत्र नव्हे, म्हणून चारपट धरलं तरी बारा.

"म्हणजे साखर किती?" मी विचारलं.

"पाऊण चमचा."

मी दमलो म्हणून आईने तोवर चहा टाकला होता. दोन चमचे घातले होते, आणि वर म्हणाली, "वाळलास रे."