छत्री आणि मी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं कट्ट्यावर बसावं. मी गावातल्या शाळेत पाचवीला हवेचा विरोध शिकवायला गेलो.

खडू आणि कोंबडीचं पीस एकदम सोडलं. वर पंखा चालू आहे, हे पोरांना दिसत होतं, मला नाही. खडू पडला. पीस वर्गभर फिरून माझ्या टकलावर उतरलं.

मग दोन सारखे कागद घेतले. एक तसाच, दुसऱ्याचा बोळा. बोळा आधी पडला.

"का?"

"बोळा जड आहे."

"अरे, कागद तेवढाच आहे!"

"पण तुम्ही दाबून भरलाय ना, सर."

मी बोळा उलगडून पुन्हा सोडला. तरंगत गेला. "बघा, झाला हलका!" वर्गानं टाळ्या वाजवल्या.

आता पुस्तकावर कागद ठेवला, कडेनं बाहेर न डोकावणारा, आणि पुस्तक सोडलं. दोन्ही एकत्र पडले. मी घसा खाकरेपर्यंत मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पुस्तकानं वारा अंगावर घेतला. ट्रॅक्टरच्या मागं सायकल अशीच हलकी जाते." रात्री जागून काढलेल्या माझ्या टिपणांची चार पानं तिथंच निकालात निघाली.

इभ्रत वाचवायला चंद्र गाठला. १९७१ साली अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटनं तिथं हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवाच नाही, त्यामुळे दोन्ही एकदम टेकले. "पण सर, चंद्रावर पीस आलं कुठून?" यानाचं नाव फाल्कन, म्हणजे ससाणा, म्हणून सोबत नेलं होतं, हे मी ऐटीत सांगितलं. सबंध तासात मला आलेलं एकमेव उत्तर.

त्या ऐटीतच सगळ्यांना मैदानात काढलं. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, हे छत्री पाठीमागं उघडी धरून धावत दाखवणार होतो. माझ्या वयात वेग दुप्पट कुठून होणार? पण श्रावणातला वारा समोरून आला आणि कमी पडलेला वेग त्यानं भरून काढला. छत्री उलटली, चपलेचा अंगठा तुटला, मी चिखलात बसलो. हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते. ते सभ्य गृहस्थ. लगेच आत गेले.

प्रयोग पुन्हा केला तरी तोच निष्कर्ष यायला हवा, असं मी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं. मी उठेपर्यंत पोरं चौथीच्या बाईंची छत्री घेऊन हजर होती.