दिवाभीत

मराठीत ‘दिवाभीत’ हा शब्द घुबडासाठी रूढ आहे आणि ‘दिवा म्हणजे दिवसा भिणारा’ असा त्याचा विग्रह केला जातो. तथापि महाराष्ट्रातील रस्त्यांचे सूर्यास्तानंतर निरीक्षण करणाऱ्यास ‘दिव्याला भिणारा’ हा दुसरा विग्रह अधिक सयुक्तिक वाटू लागतो, कारण तो मान्य केल्यास घुबडांच्या जोडीला वाहनधारकांचा एक प्रचंड वर्ग या संज्ञेखाली येतो. हा वर्ग इंजिनाला भीत नाही, पेट्रोलच्या दराला भिऊन काही उपयोग नाही हे त्याने स्वीकारलेले असते, आणि खड्ड्यांशी तर त्याचा घरोबाच असतो. मात्र तिन्हीसांजेला बटण दाबल्यावर दिवा लागेल की नाही, या एका शंकेने तो रोज नव्याने कातर होतो.

कायद्याच्या दृष्टीने या विषयात संदिग्ध असे काही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०५व्या नियमानुसार वाहनाच्या मागचा तांबडा दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे, आणि नंबरपाटीवर पडणाऱ्या पांढऱ्या उजेडात तिच्यावरील अक्षरे १५ मीटरवरून वाचता आली पाहिजेत. दीडशेवरचे हे पाच मीटर कशासाठी, याचा उलगडा होत नाही. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालण्याची जी रीत आहे, तिचाच हा शासकीय अवतार असावा. दंडाचे म्हणावे, तर १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील १७७व्या कलमात पहिल्या अपराधासाठी शंभर रुपयांपर्यंत असलेला दंड २०१९च्या दुरुस्तीने पाचशेवर गेला, आणि तेवढ्या पैशांत मागच्या दिव्याचे कितीतरी बल्ब येतात हे गणित प्रत्येक वाहनधारकाला पावती हातात पडल्यावर सुचते. पावतीपूर्वी त्याचे म्हणणे एकच असते : “आत्तापर्यंत चालू होता, साहेब.” ही साक्ष खरी मानली, तर राज्यातील यच्चयावत बल्ब हवालदार उभा असलेल्या चौकाच्या जेमतेम पन्नास पावले अलीकडे उडतात, असा निष्कर्ष काढावा लागेल.

ही साक्ष मात्र सर्वस्वी खोटीही नसते, आणि या विषयाचे मर्म नेमके तेथेच आहे. हेडलाइट बघण्यासाठी असतो, तर टेललाइट दिसण्यासाठी; आणि हे दिसणेही मालकाला नव्हे, तर मागून येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाला. मालकाने रोख पैसे मोजून घेतलेली, विमा उतरवलेली, दसऱ्याला हार घातलेली, आणि तरीही वापरात असताना त्याला स्वतःला कधीच न दिसणारी अशी ही मालमत्ता आहे. स्वतःच्या पाठीवरील तीळ जसा माणसाला इतरांकडून कळतो, तसेच मागचा दिवा गेल्याचे वर्तमानही परक्यांकडूनच कळते, आणि त्यामुळे हा दिवा चालू राहणे सर्वस्वी लोकांच्या भोचकपणावर अवलंबून असते. सुदैवाने या राष्ट्रीय संपत्तीचा आपल्याकडे तुटवडा नाही.

भोचकपणाची एक सांकेतिक भाषाही सिद्ध झालेली आहे. समोरून येणाऱ्या माणसाने हाताचा पंजा उघडझाप करून दाखवला, तर त्याचा अर्थ ‘तुमचा दिवा दिवसाढवळ्या चालू आहे’ असा होतो. ही खूण पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली. परंतु १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागावा असा नियम आला आणि दिवा बंद करण्याचे बटणच नाहीसे झाले. कायदा बदलला तरी परोपकारबुद्धी बदलली नाही. भर उन्हात गावाकडे निघालेल्या स्वाराला दहा किलोमीटरांत पंधरा पंजे उघडझाप करून दाखवले जात, आणि प्रत्येकाला थांबवून केंद्र सरकारचे धोरण समजावून सांगणे शक्य नसल्यामुळे तो मान हलवून, ओशाळे हसून पुढे जाई. कित्येक सज्जनांनी तर शेजारी गाडी आणून, “अहो काका, लाइट!” असे ओरडून आपले कर्तव्य बजावले. तेच काका रात्री मागचा दिवा नसलेल्या गाडीवरून जात, तेव्हा मात्र कोणी ओरडत नसे, कारण ते कोणाला दिसतच नसत.

आजच्या पिढीला ठाऊक नसलेला एक अध्याय येथे थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. सायकलच्या डायनॅमोचे, म्हणजे चाकाला घासून फिरणाऱ्या आणि त्यातून वीज निर्माण करणाऱ्या बाटलीसारख्या यंत्राचे, वैशिष्ट्य असे की सायकल थांबली की उजेडही थांबे. त्यामुळे पोलिसाने थांबवलेला सायकलस्वार दिवा असूनही बिनदिव्याचाच ठरण्याचा संभव असे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर पदरात पडणाऱ्या जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरने हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर अंगीकारले. तिचे दिवे बॅटरीवर नव्हे, तर मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यांत तयार होणाऱ्या विजेवर चालत, आणि इंजिन जितके जोरात फिरेल तितका उजेड अधिक पडे. तात्पर्य, सरळ मोकळ्या रस्त्यावर, जेथे काही पाहण्यासारखे नसे तेथे, लख्ख प्रकाश. आणि खड्डा, म्हैस किंवा वळण दिसावे म्हणून वेग कमी करावा, तर निरांजनाएवढी मिणमिण. यावर अनुभवी स्वारांनी शोधलेला उपाय असा की वळणावर क्लच दाबून धरायचा आणि जागच्या जागी रेस करून पुढे काय आहे ते पाहून घ्यायचे. शेजाऱ्यांना एवढेच कळे की कुलकर्ण्यांची स्कूटर गल्लीत वळताना किंचाळते.

याच स्कूटरने बल्बांमधील भाऊबंदकीचाही परिचय करून दिला. मॅग्नेटोची वीज पुढच्या-मागच्या बल्बांनी आपसांत वाटून घ्यावी अशी ती रचना होती. त्यामुळे मागचा इवलासा बल्ब उडाला की त्याचा वाटा पुढच्याच्या पदरात पडे, अनपेक्षित वारसाहक्काने तो क्षणभर कधी नव्हे इतका उजळून निघे आणि मग तोही उडे. स्वाराला वाटे, आज दिवा फार छान पडला आहे. तो हे जेमतेम शब्दांत मांडेपर्यंत अंधार झालेला असे.

बॅटरीवरील दिवे आल्यावर ही भाऊबंदकी संपली. परंतु तिची जागा ‘अर्थिंग’ या गूढ तत्त्वाने घेतली. वाहनातील प्रत्येक दिव्याला दोन तारा नेण्याऐवजी एकच तार नेतात आणि परतीचा मार्ग म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात; हा सांगाडा व दिवा यांना जोडणारा स्क्रू गंजला की वीज परतीची दुसरी वाट शोधते, आणि ती वाट शेजारच्या दिव्यांतून जाते. अशा गाडीचा ब्रेक दाबला तर मागे इंडिकेटर पेंगुळतो, इंडिकेटर द्यावा तर त्याच्या ठेक्यावर पार्किंगचे दिवे मान डोलावतात, आणि एकूण दृश्य लग्नाच्या मांडवाला केलेल्या रोषणाईसारखे दिसते. मालक बल्ब बदलतो, होल्डर बदलतो, फ्यूज बदलतो, क्वचित वास्तुशास्त्रही पाहतो. दोष मात्र नखभर गंजाचा असतो.

हा नखभर गंज शोधून काढणारा पुरुष म्हणजे वायरमन. चौकाच्या कडेला, कडुनिंबाखाली, एका जुन्या बॅटरीवर बसलेल्या या तज्ज्ञाचे मुख्य उपकरण ‘टेस्ट लॅम्प’ हे असते. म्हणजे एक बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेच्या टोकाला चिमटा आणि दुसऱ्या तारेच्या टोकाला सुई. चिमटा सांगाड्याला लावून तो सुई एकेका वायरीत खुपसत जातो आणि नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याप्रमाणे मध्येच थांबून हुंकार देतो. तथापि सुई हातात घेण्यापूर्वी तो एक प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न सोलापुरापासून सावंतवाडीपर्यंत एकच आहे : “याला आधी कोणी हात लावलाय?” या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. हेडलाइटमागचा वायरींचा गुंता बाहेर ओढला असता पुरातत्त्वशास्त्रातील उत्खननाप्रमाणे एकाखाली एक स्तर उघडे पडतात : सर्वांत वर काळी इन्शुलेशन टेप, तिच्याखाली शालेय वापराची सेलोटेप, त्याखाली दातांनी सोलून पिळलेली तार, आणि तळाशी, कंपनीने घातलेल्या हिरव्या वायरीला जोडलेला, दिवाळीच्या माळेतून कापून घेतलेला पिवळा तुकडा. प्रत्येक वायरमन पूर्वसूरींच्या कामाकडे पाहून “कुठल्या गाढवानं केलंय हे?” असे उद्गार काढतो, आणि मालक गप्प राहतो, कारण सेलोटेपचा स्तर त्याने स्वतः रचलेला असतो.

मालकाच्या स्वयंपूर्णतेचे आणखी एक क्षेत्र म्हणजे मागचा दुहेरी बल्ब. एकाच काचेत पाच वॉटची एक आणि एकवीस वॉटची दुसरी अशा दोन तारा असतात; मंद तार रात्रभर जळायची, तेजस्वी तार फक्त ब्रेकसाठी. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या कडेच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात. कारखान्यातील अभियंत्याने एवढी दूरदृष्टी दाखवली, तथापि मराठी मनगटाचा अंदाज त्याला आला नाही. ‘बसत कसा नाही’ या निर्धाराने दाबलेला बल्ब उलटा बसतोच. मग गाडी सतत ब्रेक दाबल्यासारखी झळकत राहते, आणि खरोखर ब्रेक दाबल्यावर जो काही फरक पडतो तो मागच्या माणसाला भिंगातून पाहावा लागतो.

उजेड नसणाऱ्यांप्रमाणेच उजेड उतू जाणाऱ्यांचाही एक पंथ आहे. गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या एच-४ जातीच्या बल्बमध्ये ५५ वॉटची तार डिपरसाठी, म्हणजे जवळचा रस्ता दाखवणाऱ्या खालच्या झोतासाठी, आणि ६० वॉटची तार अप्परसाठी असते. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते, जिच्यामुळे उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडून रस्त्याकडे वळतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा अन्य कोठल्याही सुट्या भागांच्या बाजारात जाऊन शंभर वॉटचा बल्ब अथवा डोळे दिपवणारी एलईडी आणून या जागी बसवली की वाटीचे सारे गणित कोलमडते, झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडावरच्या वटवाघळांवर पडतो, आणि मालक समाधानाने म्हणतो, “आता कसं दिसतंय!” त्याला दिसते हे खरे, इतरांना दिसेनासे होते. पूर्वी यावर हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवण्याचा उपाय सर्वत्र केला जाई. डिपरचा उजेड मुख्यत्वे त्याच वरच्या भागातून बाहेर पडत असल्यामुळे काळ्या रंगाने अडे तो बिचारा डिपर, आणि अप्पर बराचसा शाबूत राही; पण रंग दिला याचे समाधान दोन्ही बाजूंना मिळे.

आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घराघरांत समया, निरांजने आणि अडगळीतले कंदील घासूनपुसून पाटावर मांडण्याची आणि पूजण्याची प्रथा आहे. वाहनाचा दिवा मात्र या पाटावर कधी चढला नाही, आणि ऐन त्याच दिवसांत त्याच्या काचेआड पाणी साचू लागते. तापलेला दिवा थंड होताना ओलसर हवा आत ओढतो, तिचे थेंब होतात आणि आंबोलीच्या धुक्यात दिव्याबाहेर जेवढे धुके, तेवढेच दिव्याआत अशी अवस्था होते. सर्व्हिस सेंटरमधील टापटीप तरुण यावर “नॉर्मल आहे सर” एवढेच सांगतो. काचेत मासा पोहू लागला तरी त्याच्या उत्तरात फरक पडेल असे वाटत नाही. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या काचेवर गृहोपचार म्हणून टूथपेस्ट घासतात, आणि तिच्यातील बारीक कणांनी वरचा थर घासला जाऊन ती खरोखर उजळते; त्याबरोबर उन्हापासून राखणारा लेपही गेल्यामुळे ती पुढच्या उन्हाळ्यात अधिक उत्साहाने पिवळी होते. दात आणि दिवे यांत हे साम्य आहे की दोन्ही गेल्यावरच पेस्टची आठवण येते. दसऱ्याला मात्र दिव्याचा सन्मान होतो : काचेवर हळदकुंकवाचे स्वस्तिक निघते, वर झेंडूचा हार झुलतो, आणि त्या संध्याकाळी जो काही उजेड पडतो तो पाकळ्यांतून गाळून पडतो.

ज्याविषयी विनोद करवत नाही अशी एक गोष्ट येथे नोंदवून पुढे जावे लागते. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या जोड-ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे सरकत असतात. त्यांना बहुधा मागचा दिवा नसतो, असला तर तो उसाच्या शेंड्यांआड झाकलेला असतो, आणि कोणी रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवली असेल तर तिच्यावर रस्त्याची माती बसलेली असते. तेथे भोचकपणाही उपयोगी पडत नाही, कारण सांगणाऱ्याला ती ट्रॉली फार उशिरा दिसते.

शहरी सुखवस्तू वाहनधारकाची अडचण त्यामानाने कौटुंबिक स्वरूपाची असते. ब्रेकचा दिवा एकट्याने तपासता येत नाही, कारण पाय पुढे आणि डोळे मागे ठेवणारा माणूस अद्याप जन्मलेला नाही. म्हणून जाणकार लोक गाडी एखाद्या बंद दुकानाच्या शटरकडे पाठ करून उभी करतात आणि पत्र्यावर उमटणारी तांबूस छाया आरशातून पाहतात. ज्यांना शटर उपलब्ध नाही ते मुलाला अभ्यासावरून उठवतात, आणि अभ्यासावरून उठायला मुलाची कधीच हरकत नसल्यामुळे येथवर सारे सुरळीत पार पडते. “लागला का?” “लागला.” “आता?” “गेला.” “आता?” “बाबा, तुम्ही दाबलाय का?” अशा रीतीने मागची बाजू उरकली की मुलाला पुढे उभे करतात, आणि येथे दिशांचा प्रश्न उपस्थित होतो, कारण मागे उभ्या राहणाऱ्याचा डावा तोच गाडीचा डावा असतो, पण गाडीकडे तोंड करून पुढे उभ्या राहणाऱ्याचा डावा हा गाडीचा उजवा होय.

“एक लागत नाहीये,” मुलगा सांगतो.

“डावा की उजवा?”

“माझा की तुमचा?”

वडील क्षणभर विचार करतात आणि घरात अशा प्रसंगी चालत आलेल्या मापाचा आधार घेतात. “जेवायच्या हाताकडचा की दुसऱ्या हाताकडचा?”

मुलगा दोन्ही हात वर करून पाहतो, घास घेतल्यासारखा एक हात तोंडाशी नेतो आणि खात्रीने सांगतो, “जेवायच्या हाताकडचा.” वडील उतरतात, बॉनेट उघडतात, स्वतःच्या जेवायच्या हाताकडे एकवार बघतात, आणि गाडीच्या उजव्या बाजूचा चांगला चालणारा बल्ब काळजीपूर्वक बाहेर काढू लागतात.